निरीक्षणासाठी आलेली बाई

"तब्येत बिघडली, की अभ्यास बंद. ठरलंय ना आपलं?" कुणा गिऱ्हाइकाचा चष्मा पुसता पुसता यजमानांनी विचारलं.

"ठरलंय," काकू म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच अर्धा कप चहा प्यायल्या. उरलेला अर्धा ओट्यावर तसाच राहिला. डबाही तिथेच राहिला, पण ते त्यांच्या लक्षात यायला अजून अवकाश होता.

यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. जगाला नीट दिसावं म्हणून ते आयुष्यभर झटले होते. पण आपली बायको पन्नाशीच्या उंबरठ्यावर विद्यापीठात जाऊन काय शिकते, ते मात्र त्यांना काही केल्या दिसत नव्हतं. 'आरोग्यसेवा व्यवस्थापन' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी, "म्हणजे तू नर्स होणार?" असं विचारलं होतं. दुसऱ्यांदा, "मग काय, डॉक्टर?" आणि दोन्ही नाही, हे कळल्यावर, "मग उरलं कोण? पेशंटच," असं म्हणून विषय मिटवला होता.

काकू या विषयाकडे वळल्या त्या सासूबाईंमुळे. सासूबाईंचं शेवटचं आजारपण लांबलं. त्या काळात काकूंनी दवाखान्यांच्या बाकांवर इतके दिवस काढले, की कुठल्या बाकाचा कुठला पाय लंगडा ते त्यांना पाठ झालं. डॉक्टर चांगले होते, औषधं चांगली होती, माणसंही काही वाईट नव्हती. तरी जो तो ताटकळत होता. सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, मी आजाराने नाही जायची. वाट बघून जाईन." तेव्हा काकू हसल्या होत्या. पुढे सासूबाई गेल्या, आणि ते वाक्य मात्र घरातच राहिलं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते काकूंना भेटायचं. मुलगी सासरी होती, मुलगा नोकरीपायी लांब होता. एक दिवस काकू उठल्या आणि विद्यापीठात नाव घालून आल्या.

वर्गात सगळी मुलामुलींच्या वयाची. त्यांनी पहिल्याच दिवशी 'काकू' म्हटलं, ते चिकटलं. आता शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळे काकूच म्हणत.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता. कुठल्याही एका रुग्णालयात जाऊन, माणूस दारातून आत आल्यापासून त्याला डॉक्टरचा हात लागेपर्यंत त्याचं काय काय होतं, ते डोळ्यांनी बघून लिहायचं. काकूंच्या मार्गदर्शक होत्या डॉक्टर मॅडम. त्या सुई टोचणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रबंध लिहून झालेल्या होत्या. पण त्यांचा धाक सुईपेक्षा जास्त होता.

"निरीक्षक दिसला, की संपलं," त्यांनी बजावलं होतं. "लोक लगेच शहाण्यासारखे वागायला लागतात. बिल्ला नको, वही नको, भारी कपडे नकोत. गर्दीत मिसळून जायचं. खिडकीवर एवढंच सांगा, डॉक्टरांनी निरीक्षणासाठी पाठवलंय. अधीक्षकांशी माझं बोलणं झालंय, विद्यापीठाकडून निरीक्षणाला कुणीतरी येईल एवढंच त्यांना ठाऊक आहे, ते वर बोलावून घेतील. आणि काकू, उद्याचा दिवस चुकवू नका. परवापासून ते लांबच्या रजेवर आहेत. हुकलं, तर प्रकल्प पुढच्या वर्षावर."

घरात पुढच्या वर्षाचं नाव काढायची सोय नव्हती. हे वर्ष शेवटचं, असं काकूंनी यजमानांना शब्द देऊन सांगितलं होतं. राहता राहिलं मिसळून जाणं. ते काकूंना नवीन नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या तेच करत आल्या होत्या.

रुग्णालय चढावर होतं. आजारी माणसांची इमारत चढावर बांधणाऱ्या माणसाबद्दल काकूंच्या मनात बरंच काही येऊन गेलं, पण ते मनातल्या मनात म्हणायलाही दम उरला नव्हता. बस उशिरा आली होती आणि पोटात अर्धा कप चहा होता. चौकशीच्या खिडकीशी त्या पोचल्या तेव्हा त्यांचा एक हात खिडकीच्या कडाप्प्यावर होता आणि दुसरा छातीवर.

"बोला," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"डॉक्टरांनी... निरीक्षणासाठी... पाठवलंय."

मुलीने वर पाहिलं. काकूंचा घाम पाहिला, चेहरा पाहिला, मागेपुढे कुणी आहे का ते पाहिलं.

"एकट्याच आलात?"

"हो. एकटीनेच जा म्हणाल्या."

"कमाल आहे बाई त्या डॉक्टरांची! बोलू नका आता. मामा, खुर्ची आणा बघू लवकर."

विद्यापीठाला अजून एवढा मान आहे, हे पाहून काकूंना भरून आलं. वॉर्डातल्या मामांनी खुर्ची आणली. काकू टेकल्या. खुर्चीला चाकं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं ते ती चालू लागल्यावर.

"डॉक्टरांनी निरीक्षणासाठी पाठवलंय," मागून शब्द आले.

काकूंना वाटलं, आपलाच आवाज भिंतीला आपटून परत आला. येताना फक्त जरा भारदस्त होऊन आला. त्यांनी मान वळवली. खिडकीशी एक गृहस्थ उभे होते. करकरीत इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या दाट मिश्या, आणि समोरच्याने तिकीट काढलंय की नाही याचा संशय असलेली नजर.

खिडकीतली मुलगी धडपडून उभी राहिली. "या ना सर! साहेब तुमचीच वाट बघतायत. सर, आपण पूर्वी...?"

"तपासनीस होतो," गृहस्थ म्हणाले. "रेल्वेत."

पण 'रेल्वेत' हा शब्द लिफ्टच्या दाराच्या खडखडाटात गेला. खिडकीपर्यंत तो पोचलाच नाही.

तिसऱ्या मजल्यावर मामांनी खुर्ची एका दारातून आत घेतली. दारावर 'निरीक्षण कक्ष' असं ठळक लिहिलं होतं. निरीक्षकांसाठी एवढा मोठा कक्ष आणि त्यात एवढे पलंग कशाला, हा प्रश्न काकूंना पडेपर्यंत सिस्टरनी त्यांच्या पायातल्या चपला काढून पलंगाखाली सरकवल्यासुद्धा होत्या.

"नाव? वय? काय होतंय?"

"मला काहीच होत नाहीये."

"सगळे पहिल्यांदा असंच म्हणतात. झोपा."

"अहो सिस्टर, मी निरीक्षणासाठी आलेय."

"मग बरोबर जागी आलात."

"तसं नाही हो. निरीक्षण मी करणारेय."

सिस्टरचा हात थांबला. "तुम्ही करणार."

"हो."

"कुणाचं?"

"तुमचं."

सिस्टरनी मामांकडे पाहिलं. मामांनी सिस्टरकडे पाहिलं. वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं न बोलता जे बोलतात, ते बोलून झालं.

"करा हं," सिस्टर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "निवांत करा. आधी हात इकडे द्या."

आयुष्यात कुणी आपल्याशी इतक्या मऊ आवाजात बोललं, की काकूंना धडकी भरायची. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. आपण विद्यापीठात शिकतो. आरोग्यसेवा व्यवस्थापन शिकतो. वर्गातली मुलं वीस-बावीस वर्षांची आहेत आणि आपल्याला काकू म्हणतात. आपण इथे दारापासून पलंगापर्यंत माणसाला किती वेळ लागतो ते मोजायला आलो आहोत. तर आत्ता वाजले किती?

बोलता बोलता त्यांना जाणवलं, की खरं असलं तरी हे सगळं ऐकायला काही चांगलं वाटत नाही.

"वेळेचं भान नाहीये," सिस्टर मामांना हळूच म्हणाल्या. मग यंत्राकडे पाहून त्यांची भुवई वर गेली. "बीपी केवढं वाढलंय काकू!"

"चढ चढून आले ना मी!"

"शांत पडा. परत बघते." थोड्या वेळाने त्यांनी परत पाहिलं. "आता तर आणखी वर गेलंय."

"रागाने गेलंय ते!"

"यंत्राला कळत नाही ना काकू, रागाने गेलं की कशाने."

वाक्य बिनतोड होतं. काकूंना त्याही अवस्थेत ते आवडलं.

त्यांनी पिशवीतून फोन काढून डॉक्टर मॅडमना लावला. फोन बंद होता. मॅडम परीक्षा मंडळाच्या बैठकीत असल्या की जगाशी संबंध तोडत. "मग तुमच्या अधीक्षकांना बोलवा," काकू म्हणाल्या. "ते माझी वाट बघत असतील."

"साहेब नाही येणार आत्ता. विद्यापीठाकडून निरीक्षणाला कुणी मोठे सर आलेत, त्यांना सगळं दाखवतायत."

"अहो, विद्यापीठाची मीच!"

"हो, हो," सिस्टर म्हणाल्या आणि काकूंच्या तोंडात थर्मामीटर ठेवला.

त्याच क्षणी फोन वाजला. पडद्यावर 'घर' असं आलं. काकूंचा एक हात यंत्राच्या पट्ट्यात होता, तोंडात थर्मामीटर होता. सिस्टरनी फोन उचलला. यजमानांना फोनवर बोलायला खरं तर फोनची गरजच नसे. त्यांचं बोलणं पार खिडकीजवळच्या पलंगापर्यंत ऐकू गेलं.

"अगं, डबा इथेच राहिला की!"

"मी हॉस्पिटलमधून सिस्टर बोलतेय. तुमच्या पेशंटना इथे निरीक्षणासाठी ठेवलंय."

"हो हो, माहितीय. निरीक्षणालाच गेलीय ती."

"तुम्हाला माहितीय?"

"म्हणजे काय! कालपासून तेच चाललंय घरात. होऊन जाऊ दे एकदाचं. संध्याकाळपर्यंत सुटेल ना?"

सिस्टरनी काकूंकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या नजरेत संसारातल्या सगळ्या बायकांचं दुःख मावावं. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या पलंगावरची उशी घेतली आणि काकूंच्या डोक्याखाली दुसरी म्हणून सरकवली.

"अहो मिस्टर," त्या फोनमध्ये कडाडल्या, "बायको एकटी चढ चढून आलीय, बीपी आभाळाला टेकलंय, असंबद्ध बोलतेय, आणि तुम्ही डब्याचं काय सांगताय? या आधी!"



"आलो," पलीकडून एवढंच ऐकू आलं. तेही चारचौघं फोनवर बोलतात तेवढ्याच आवाजात.

काकूंनी डोळे मिटले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. यजमान येणार. बायको पलंगावर, दंडाला पट्टा, डोक्याखाली दोन उश्या. तब्येत बिघडली, की अभ्यास बंद. खरं काय झालं ते सांगितलं तरी ते म्हणणार, चांगल्या बायकांना कुणी उचलून पलंगावर घालत नाही. तिकडे अधीक्षक भलत्याच माणसाला रुग्णालय दाखवून रजेवर जाणार. एवढ्या वर्षांनी हातात वही धरली, तीही इथेच सुटणार. काकूंच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. सिस्टरनी ते टिपलं, पण काही विचारलं नाही. काकूंना त्या बाईचा राग धरता येईना. तिच्या जागी आपण असतो तर आपणही उशीच दिली असती, असं त्यांना वाटलं.

इतक्यात दारात गडबड झाली. अधीक्षक आत आले. किरकोळ, चष्मेवाले, सतत हात चोळणारे गृहस्थ. त्यांच्यामागून ते भारदस्त तपासनीस. त्यांच्यामागे एक सुतार, एक वायरमन आणि खिडकीतली मुलगी. लग्नात नवरदेवाच्या मागे चालावी तशी सगळी वरात तिसऱ्या मजल्यावर आली होती.

"आणि हा आमचा निरीक्षण कक्ष, सर," अधीक्षक म्हणाले. "संकोच करू नका. स्पष्ट सांगा. काय वाटतंय?"

"दम लागतोय," तपासनीस म्हणाले.

"बरोबर! हवाच खेळत नाही इथे. मामा, ती खिडकी उघडा."

ती खिडकी रंगाने चिकटून कित्येक वर्षं बंद होती. सुताराने दणका दिला, तशी उघडली. वॉर्डभर वारा आला. एका आजोबांनी डोळे उघडून, कोण सुटलं, असं विचारलं.

"आणखी काय, सर?"

"मधूनच अंधारी येते."

"दिवा!" अधीक्षक वायरमनकडे वळले. "मी कधीचा ओरडतोय, इथला दिवा मिणमिण करतो. बदला आत्ताच्या आत्ता. पुढे, सर?"

"जिन्यात तर फारच. तोल जातो. धरायला काही नाही."

"कठडा घ्या लिहून. दोन्ही बाजूंना." अधीक्षकांनी हात जोडले. "सर, आजवर कितीतरी जण बघून गेले. चहा प्यायचे आणि 'छान' म्हणायचे. इतकं खरं कुणी बोललं नव्हतं."

"मला वाटलं होतं, आल्या आल्या झोपवतील," तपासनीस पुटपुटले. "हे तर सकाळपासून नुसते चालवतायत."

"हो ना सर," अधीक्षक कळवळून म्हणाले, "चालवतोय कसंतरी. माणसं कमी, कामं जास्त. पण चालवतोय."

काकूंनी डोळे उघडले. तोच आवाज. खिडकीशी आपलंच वाक्य शब्दाला शब्द म्हणणारा. आणि मग, ज्या गोष्टीसाठी त्या सकाळी घरातून निघाल्या होत्या, ती त्यांनी केली. त्यांनी नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट पाठीवर भिजला होता. मिश्यांखालचे ओठ मातकट दिसत होते. पलंगाचा गज त्या माणसाने ऐटीत धरला नव्हता, तो त्याच्या आधाराने उभा होता.

"साहेब, त्यांना आधी बसवा," काकू म्हणाल्या.

"काकू, पडून राहा," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, ते पेशंट आहेत!"

"हो, आणि तुम्ही निरीक्षक."

"तेच तर मघापासून सांगतेय!"

पुढे समजवत बसायला वेळ नव्हता. काकूंनी दंडाचा पट्टा ओढून काढला, अनवाणी खाली उतरल्या आणि तपासनिसांच्या बगलेत खांदा दिला. "बसा काका. इथे. असे." सासूबाईंना बसवताना जसं बसवायच्या, तसं. तपासनीस बसले, आणि बसता बसता आडवे झाले. त्यांची ती संशयी नजर एकदम निवली, जणू सगळ्या डब्यांतली सगळी तिकिटं तपासून झाली.



त्या क्षणी काकूंनी सिस्टरना पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहऱ्यावरची समजूत, दया, कंटाळा, सगळं उडून गेलं होतं आणि नुसतं काम उरलं होतं. एका हाताने नाडी, दुसऱ्या हाताने पडदा. "मामा, ऑक्सिजन. डॉक्टरांना बोलवा. धावत." पडदा सरकला. आत पावलं, धातूचे आवाज, हळू सूचना. बाहेर अधीक्षक, सुतार, वायरमन आणि खिडकीतली मुलगी, देवळात उभी राहावीत तशी उभी होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मी तर..." ती म्हणाली. "दोघं एकच तर बोलले."

"शब्दाला शब्द तेच," काकू म्हणाल्या. "माझीही चूक तीच झाली असती गं."

अधीक्षक काकूंकडे पाहू लागले. त्यांच्या अनवाणी पायांकडे, विस्कटलेल्या केसांकडे. "म्हणजे आपण..."

"डॉक्टर मॅडमची विद्यार्थिनी."

अधीक्षक मटकन स्टुलावर बसले. "मी त्यांना तिन्ही मजले चढवले," ते म्हणाले. "पायऱ्यांनी. लिफ्ट दाखवायची नव्हती म्हणून." थोडं थांबून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा दाखवली."

पडद्यातून सिस्टरचं डोकं बाहेर आलं. "नाडी सुधारतेय. वेळेवर आडवे झाले." त्यांनी काकूंकडे एकदा पाहिलं. क्षमाबिमा मागायला त्यांना सवड नव्हती, आणि काकूंना ती नकोही होती. डोकं परत आत गेलं.

अधीक्षक स्टुलावर बसल्या बसल्या रुमालाने वारा घेत होते. काकू कोपऱ्यातल्या माठाकडे त्यांच्यासाठी पाणी आणायला गेल्या. नेमके त्याच वेळी यजमान आले.

ते घरातून जसेच्या तसे निघाले होते. शर्टाची बटणं एक सोडून एक लागली होती. घाईत नाकावर गिऱ्हाइकाचा चष्मा चढवला होता, त्यामुळे जग त्यांना अंदाजानेच दिसत होतं. धापा टाकत त्यांनी दारातूनच काकूंचं नाव घेऊन चौकशी केली. कुणीतरी गोंधळून पलंगाकडे बोट केलं. यजमानांना ओढलेला पडदा दिसला. पडद्याखाली घाईघाईने इकडून तिकडे जाणारे पाय दिसले. आणि पलंगाखाली त्यांच्या बायकोच्या चपला दिसल्या. त्या त्यांनी अंधारातही ओळखल्या असत्या.

ते पडद्याशी जाऊन उभे राहिले. आत जायचा त्यांना धीर झाला नाही.

"अगं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "अगं, ऐकतेयस ना?"

काकू पेला हातात घेऊन त्यांच्यामागे येऊन थांबल्या. बोलणार, तोच पुढचं वाक्य आलं.

"मी काहीबाही बोलतो. ते मनाला लावून घ्यायचं असतं का? अगं, आईला शेवटी तूच होतीस. मी दुकानात बसून राहायचो. तू बाकांवर बसायचीस. तुला काय शिकायचंय ते मला कळत नाही असं नाही गं. कळतं मला." त्यांनी नाक ओढलं. "तू शीक. अभ्यास बंद वगैरे काही नाही. तू फक्त ऊठ. आणि परीक्षा दे. यंदाची दे. पुढच्या वर्षीची दे. त्याच्या पुढचीही दे."

पडद्याआडून क्षीण पण भारदस्त आवाज आला, "आता आणखी परीक्षा नको हो! तीन मजले झाले."

यजमान दचकून मागे सरले. त्यांनी घाबऱ्याघुबऱ्या अधीक्षकांचा हात धरला. "डॉक्टर, आवाज काय झालाय हिचा!"

"मी इथे आहे," काकू म्हणाल्या.

यजमान वळले. गिऱ्हाइकाच्या चष्म्यातून त्यांना बायकोच्या उंचीचं काहीतरी धूसर दिसलं. त्यांनी तो चष्मा काढला, खिशातून स्वतःचा काढून लावला आणि बराच वेळ बघत राहिले. वॉर्डातले पेशंट उठून बसले होते. सुताराने हातोडी खाली ठेवली होती.

"उभी आहेस," शेवटी ते म्हणाले.

"उभी आहे."

"मग मी इतका वेळ कुणाशी..."

"शब्द दिलात तुम्ही. सगळ्यांनी ऐकलाय."

यजमानांनी पडद्याकडे बोट केलं. "तो मी त्यांना दिला."

"त्यांना परीक्षा नकोय म्हणाले. मग मी देते."

यजमानांनी अधीक्षकांकडे पाहिलं. अधीक्षकांनी सकाळपासून इतक्या गोष्टी कबूल केल्या होत्या, की आणखी एक करायला त्यांना काही वाटलं नाही. "बाई, मी रजा दोन दिवस पुढे ढकलतो," ते म्हणाले. "तुम्ही उद्या या. चालत नका येऊ, चढ फार आहे."

घरी जाताना बसमध्ये यजमान खिडकीबाहेर बघत बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर."

"कशाला?"

"तू एकटी गेलीस, की आडवी करतात."

दुसऱ्या दिवशी जिन्यात कठड्याचं ठोकणं चालू होतं. तपासनीस वरच्या मजल्यावर बरे होते. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे त्यांनी परत संशयाने बघायला सुरुवात केली आहे, असं मामांनी फाटकातच सांगितलं. चौकशीच्या खिडकीशी मोठी रांग होती, कारण खिडकीतल्या मुलीने आता कुणाच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतं. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होती.

"बघायला आलात, की दाखवायला?"

"बघायला," काकू म्हणाल्या. मुलीने ओळखीचं हसून त्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि मागे उभ्या असलेल्या यजमानांकडे पाहिलं.

"आणि आपण?"

यजमान घुटमळले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग खाली कडाप्प्याकडे पाहिलं.

"दाखवायला," ते हळूच म्हणाले.

काकू वळल्या. "काय दाखवायला?"

"काही नाही गं. थोडं चाललो, की दम लागतो. काल धावत आलो तेव्हा जरा जास्तच लागला. म्हटलं, आलोच आहे तर..."

"कधीपासून होतंय हे?"

"बरेच महिने झाले."

"आणि बोलला नाहीत?"

यजमानांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. "बोललो असतो तर तू पुस्तकं बांधून ठेवली असतीस आणि माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. तुला काय मी ओळखत नाही?"

मागची माणसं पुढे सरकायला चुळबुळत होती. मुलीने मान खाली घालून चिठ्ठी फाडली आणि यजमानांच्या हातात दिली. काकूंना पुष्कळ काही बोलायचं होतं. दोन वर्षांचं होतं, खरं तर सगळ्या संसाराचं. त्यातलं त्यांना एवढंच सापडलं.

"चला, बसा रांगेत."

"तुझी ओळख आहे ना आता इथे? पुढे नाही का घेणार?"

"निरीक्षकाने ढवळाढवळ करायची नसते."

यजमान निमूट बाकावर जाऊन बसले. शास्त्राप्रमाणे काकूंनी आता लांब, खांबाशी उभं राहायला हवं होतं. त्या खांबापर्यंत गेल्याही. मग परत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या.